लीलाबाईंची दुरुस्ती

सुतकाच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणायचं नसतं. भेटायला आलेला माणूस बसतो, हात गुडघ्यांवर ठेवून पंख्याकडे बघतो, ‘कुणाच्या हातात काय आहे’ असं काहीतरी पुटपुटतो आणि गुपचूप उठून चालू लागतो. घरातलंही कुणी ‘या’ म्हणत नाही. अशा कारणानं पुन्हा या घरी पाय ठेवायची वेळ येऊ नये, एवढाच त्यातला अर्थ. कोरेगावपासून मिरजेपर्यंत हे कुणाला शिकवावं लागत नाही.

केरबाअण्णा मान्यांनाही ते ठाऊक होतं. सत्तरी गाठलेला माणूस, अशा कितीतरी घरांतून गुपचूप उठून आलेला. पण लीलाबाई गेल्या त्या आठवड्यात ते भेटायला वरच्या मजल्यावर आले, रीतीप्रमाणे पंख्याकडे बघून झालं, उठले, आणि दाराशी पायताण चढवता चढवता म्हणाले, “बरं, येतो.”

आणि ज्यांची बायको गेली होती ते सुभेदार अमृतराव जगदाळे म्हणाले, “या.”

अमृतरावांची बहीण, कोरेगावची बाळाबाई आत्या, भिंतीला टेकून बसली होती. तिनं पदर तोंडाशी नेला. “आत्ता गं बया,” ती म्हणाली. बाकीच्या पाहुण्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

दीपमाला, अमृतरावांची मुलगी, स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. हे आईला सांगितलं तर ती पोट धरून हसेल, असं तिच्या मनात येऊन गेलं. त्या आठवड्यात तिच्या मनात असं पुष्कळ काही येऊन जात होतं.

त्यानंतर अण्णा खरोखरच येऊ लागले.

घर अण्णांचंच होतं. सांगलीत, नदीपासून फार लांब नाही आणि पुराच्या हिशेबानं पुरेसं लांबही नाही, अशा ठिकाणी. खाली अण्णा आणि त्यांची बायको रंगूबाई, वर भाड्यानं जगदाळे. दीपमाला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. आईचं औषधपाणी सांगलीतच चालायचं, म्हणून आईवडील रहिमतपूरचं घर बंद करून तिच्याकडे राहायला आले होते. मोठा पूर आला तेव्हा खालच्या मजल्यात छातीइतकं पाणी शिरलं आणि माने कुटुंब देवांचे टाक, मिक्सर आणि हळदीचं एक पोतं घेऊन वर आलं. लीलाबाईंनी सगळ्यांना रांधून घातलं. पाणी ओसरलं, माने खाली गेले. मात्र वरच्या दारावर टकटक करायची असते, हे अण्णा त्या पुरातच कुठंतरी विसरून आले. टाकीतलं पाणी बघायला, पतंग अडकलाय का बघायला, कधी नुसतंच, ते लॅचची किल्ली फिरवून आत यायचे, स्वयंपाकघरापर्यंत जायचे आणि तिथं उभं राहून विचारायचे, “हाय का कोण?”

लीलाबाई असायच्या. “या अण्णा, बसा,” त्या म्हणायच्या. “आणि जाताना तेवढं नळाचं बघा.”

“येतो की,” अण्णा म्हणायचे आणि जायचे.

नळाचं, मोरीच्या कडीचं, खिडकीच्या फुटक्या काचेचं, सगळ्याचं उत्तर ‘येतो’ हेच होतं. ते वर्षानुवर्षं येतच होते. शेवटी लीलाबाईंनी घराची दुरुस्ती आपल्या हाती घेतली. गळक्या नळाला त्यांनी जुन्या निळ्या पातळाची चिंधी अशी बांधली की थेंब आवाज न करता तिच्यावरून खाली उतरायचा. मोरीचं दार बंद राहत नव्हतं, त्याला परकराच्या नाडीचा फास करून खिळ्यात अडकवला. फुटक्या काचेच्या जागी अमृतरावांच्या मिलिटरी कँटीनमधल्या बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कणकीनं चिकटवला. दर दिवाळीला मुंग्यांनी कणीक खाल्लेली असायची, मग नवी कणीक. “तात्पुरतं आहे,” त्या म्हणायच्या. घरातल्या बाकीच्या कुठल्याच गोष्टी इतक्या टिकल्या नाहीत.

सुतक फिटलं, दीपमाला कामावर जाऊ लागली. एका संध्याकाळी घरी आली तर नळाला चिंधी नव्हती. तिथं नवा, चकाकणारा नळ होता, आणि त्याच्या डोक्यावर पिवळा अंगठा उमटला होता. अण्णांचं आयुष्य हळदीच्या अडतीत गेलं होतं. दुकान मुलाकडे देऊनही ते रोज तिथं जाऊन पोत्यात हात घालून बसायचे. त्यांची बोटं कुठंही सही करायची.

“अण्णा आले होते?” तिनं वडिलांना विचारलं.

“आले असतील. मी घाटावर होतो फिरायला.”

“चिंधी कुठंय?”

अमृतरावांनी चष्मा काढून पुसला. “नळ गळत न्हाई आता,” ते म्हणाले.

ती खाली गेली. अण्णा ओट्यावर बसून सुपारी कातरत होते.

“अण्णा, नळ तुम्ही बसवलात?”

“बसिवला. पितळी हाय, ते पलाष्टिकचं न्हवं.”

“नळाला एक चिंधी होती.”

“व्हय, लय घान झालती. घंटागाडीत दिली टाकून.” त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात हलवला. “आगं, असू दे, असू दे. आभार कसलं मानायचं त्यात. माजंच काम हुतं.”

आभार मानायला आपण आलो नव्हतो, हे कसं सांगायचं याचा विचार करत ती जिना चढली. पुढच्या आठवड्यात मोरीच्या दाराला स्टीलची कडी आली आणि नाडी गेली.

ग्रंथालयात तिच्या शेजारच्या टेबलावर प्रियदर्शनी बसायची. तीही भाड्यानंच राहत होती, मिरजेला. दीपमालानं तिला सगळं सांगितलं. प्रियदर्शनीनं डबा बाजूला सारला.

“थांब. म्हणजे तुझा मालक येतो आणि न सांगता दुरुस्त्या करतो.”

“हो.”

“पैसे मागतो?”

“नाही.”

“आमच्या मालकाला मी फ्लशच्या टाकीसाठी इतक्यांदा फोन केलाय, की आता त्याची बायको माझा आवाज ऐकून ‘ते आंघोळीला गेलेत’ असं आधीच सांगते. तू एक काम कर, तुझे अण्णा दे आम्हाला.”

“मी घरात नसताना तो माणूस आत येतो, दर्शनी.”

“ते मात्र चुकीचंच.” प्रियदर्शनी जरा गंभीर झाली. “करारात असतं की, आधी कळवून यायचं म्हणून. दाखव त्यांना.”

“त्यांनी करार वाचलेला नाही. चष्मा नव्हता म्हणाले, सही केली.”

“मग सरळ लॅच बदल.”

दीपमालानं रविवारी माणूस बोलावून लॅच बदलला. मंगळवारी ती घरी आली तर अण्णा जिन्याच्या पायरीवरच भेटले.

“कुलूप बिघाडलं हुतं व्हय?” ते म्हणाले. “मला न्हाई का सांगायचं? मी बसिवलं आसतं. माजी किल्लीच फिरंना. मला वाटलं, माजंच काय चुकतंय, तासभर खटपट केली.”

“मग?”

“मग काय, सुभेदार आले घाटावनं. त्यांनी दिली की नवी.” त्यांनी खिशातून किल्ली काढून तिला दाखवली. तिला त्यांनी आधीच पिवळा दोरा बांधला होता. “बरं, येतो.”

वरून, उघड्या दारातून, अमृतरावांचा आवाज आला, “या.”

त्या दिवशी खिडकीला काच बसली होती. स्वच्छ, नवी, पुट्टी ओली असलेली. पुठ्ठा होता तेव्हा सकाळ स्वयंपाकघरात उशिरा व्हायची. आता उन्हं थेट आईच्या पाटावर येऊन पडू लागली आणि पाटावर कुणी बसत नाही, हे पहिल्या चहालाच दिसू लागलं.

आता एकच दुरुस्ती उरली होती. झोपायच्या खोलीतल्या बोर्डावरचं तिसरं बटण दाबलं की शॉक बसायचा, कधी मुंगी चावल्यासारखा, कधी खांद्यापर्यंत. लीलाबाईंनी त्या बटणावर स्वतःची एक टिकली चिकटवली होती, मोठी, मरून रंगाची. “टिकलीला हात लावायचा नाही,” असा घरात कायदा होता. दिवा लावायचाच असेल तर लाटण्याच्या टोकानं. आलेल्या पाहुण्यांना पाण्याच्या तांब्याबरोबर हेही सांगितलं जायचं. टिकली जुनी झाली होती, कडा काळवंडल्या होत्या, पण दीपमालाच्या लेखी ती आईनं स्वतःच्या बोटानं जिथं दाबून बसवली होती तिथंच अजून होती. चिंधी घंटागाडीत गेली, नाडी गेली, पुठ्ठाही गेला. आईचे कपडे आत्यानं आणि मावशांनी वाटून घेतले होते, ते रीतीनंच. ही टिकली कुणी मागून नेण्यासारखी नव्हती आणि कुणाला विचारून काढण्यासारखीही नव्हती, म्हणूनच ती जाणार, हे दीपमालाला स्पष्ट दिसत होतं.

तिनं रजा टाकली. वडील घाटावर गेले. ती झोपायच्या खोलीत, बोर्डाखाली खुर्ची टाकून, पुस्तक उघडून बसली. दहाच्या सुमाराला लॅच फिरला, पायताणं आत आली, स्वयंपाकघरापर्यंत गेली.

“हाय का कोण?”

“आहे,” दीपमाला म्हणाली.

काहीतरी धातूचं खाली पडलं. अण्णा दारात आले तेव्हा त्यांच्या एका हातात टेस्टर होता आणि दुसऱ्यात पुडीतलं नवं बटण.

“आज कामावं न्हाई?”

“नाही.”

“बरं न्हाई व्हय?”

“बरी आहे. अण्णा, तुम्ही विचारून का येत नाही?”

“विचारलं की. हाय का कोण म्हणलं.”

“ते आत आल्यावर.”

“मग भाईरनं आयकू येतंय व्हय? सागवानी दार हाय ते.”

“बेल आहे.”

“बंद हाय ती. वैनींनी सांगितलं न्हाई म्हणून ऱ्हायली.” बेलचं काम लक्षात ठेवल्यासारखी त्यांनी मान हलवली.

दीपमालानं पुस्तक मिटलं. “अण्णा, घर तुमचं आहे. पण आम्ही राहतोय तोवर आत यायला आमची परवानगी लागते.”

“हाय की परवानगी.”

“कुणी दिली?”

“सुभेदारांनी. दर बारीला देत्यात. मी म्हणतो येतो, ते म्हणत्यात या. आता ह्याच्यापरीस जास्त काय आसतंय? स्टँपपेपरवं लिवून घिऊ?”

दीपमालाचं वाचन पुष्कळ होतं. भाषेवरच तिच्याकडे दोन कपाटं पुस्तकं होती. या मुद्द्यावर त्यांतलं एकही पुस्तक उपयोगी पडण्यासारखं नव्हतं.

“ती बोलायची पद्धत झाली,” ती म्हणाली.

“तसंच मी बी समजत हुतो.” अण्णा दाराच्या चौकटीला टेकले. “दरसाल म्हणायच्या वैनी, अण्णा तेवढं बघा. मी म्हणायचो येतो. पद्धतच की. मग त्या दिशी बसायला आलो आन् तोंडातनं निघालं, येतो. मढं उचलल्याला आठवडा न्हाई आन् मी म्हणतोय येतो. वर सुभेदार म्हणत्यात या. खाली गेलो आन् रंगूला सांगितलं, तर तिनं जेवायचं ताट उचाललं माज्या म्होरनं.”

“का?”

“का म्हंजे? सुतकातल्या घरात येतो म्हणून आलाय, म्हणली, आता जावंच लागंल तुमास्नी. आन् आपसुक न्हाई गेला तर पुन्यांदा मैताला जावं लागंल. तवा कामानं जावा, म्हणली, आन् तो सबूद फेडून या. आता मला सांग, कंचं काम? तर वैनींनी नेमून दिलेलीच हायती की सगळी. लायनीत घेतली.” त्यांनी टेस्टरनं बोर्डाकडे खूण केली. “हे शेवटचं. उठ जरा.”

दीपमाला उठली नाही. “आईनं ते सगळं स्वतः केलं होतं, अण्णा.”

“व्हय. लय वंगाळ केलं हुतं. कणकीनं पुठ्ठा चिकटवत्यात व्हय कुठं?”

“हे राहू द्या.”

“आगं, शॉक बसतोय त्याला!”

“आम्हाला माहीत आहे. आम्ही लाटण्यानं लावतो.”

“लाटण्यानं.” अण्णांनी तो शब्द तोंडात फिरवून पाहिला. “मालक मी हाय. उद्या कुनी चिकटून मेलं-बिलं तर—”

त्यांनी टेस्टर खिशात घातला, मग बटणाची पुडी खिशात घातली, मग टेस्टर काढून दुसऱ्या खिशात घातला.

“हात लावू नका त्याला,” दीपमाला म्हणाली. “आणि विचारल्याशिवाय येऊ नका.”

“बरं.” अण्णा दाराकडे गेले. “येतो,” ते म्हणाले.

दीपमाला काही बोलली नाही. अण्णा उंबऱ्यावर थांबून राहिले, बसची वाट बघणाऱ्या माणसासारखे. पोस्टाच्या गाडीचा हॉर्न वाजून गेला. मग त्यांनी नव्या लॅचची किल्ली खिशातून काढली, पिवळ्या दोऱ्यासकट दाराशेजारच्या कपाटावर ठेवली आणि एकेक पायरी मोजत असल्यासारखे खाली उतरले.

दुपारी जेवताना तिनं वडिलांना सांगितलं, “अण्णा येतो म्हणाले की तुम्ही या म्हणायचं नाही.”

“मग काय म्हणायचं?”

“काही नाही म्हणायचं.”

“माणूस येतो म्हणतोय आन् आपण तोंडात मूग धरायचे? ते सुतकात.”

“मग सुतकच समजा.”

अमृतरावांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तिथंच ठेवला. तुकडा विरघळायला लागला.

“चिंधी मीच काढायला सांगितली,” ते म्हणाले.

“काय?”

“अण्णांना. नळाचं आधी करा म्हटलं. पहाटे तोंड धुवायला उठलं की समोर ती निळी चिंधी. ते पातळ मी आणलं होतं, पुण्याला पोस्टिंग होतं तवा.” त्यांनी पाणी प्यायलं. “तुला ठाऊक हाय, मी कुठल्या पलटणीत होतो.”

दीपमालाला ठाऊक होतं. वडिलांची सगळी नोकरी नद्यांवर पूल टाकण्यात गेली होती. रणगाडे जायचे त्यावरून.

“तुझी आई म्हणायची, एवढे पूल बांधले, नळाचं एक वायसर बदलता येत न्हाई? मी म्हणायचो, का न्हाई येत, पण मालकाचं काम मालकानं करायचं. उद्या तो म्हणेल, भिंती बी रंगवा. उसूल हाय तो.” त्यांनी ताट थोडं पुढं सारलं. “लय वर्षं उसूल पाळला.”

दीपमाला ताटात हात ठेवून बसून राहिली. तिला या घरात आईच्या हातचं जे काही होतं ते आईचं वाटत होतं, आणि ते तसं होतंही. पण ते सगळं आईनं नाइलाजानं केलेलं होतं, दोन पुरुषांवर वैतागत, एक येतो म्हणून न येणारा आणि दुसरा उसूल पाळणारा. आई असती तर आज अण्णांच्या शेजारी उभी राहिली असती, हातात बॅटरी धरून. “बस की बाजूला, खुळे,” असं म्हणाली असती. हे दीपमालाला कळलं. कळूनही टिकली द्यावीशी मात्र वाटली नाही.

दुसऱ्या दिवसापासून नवी व्यवस्था सुरू झाली. अमृतरावांना गप्प राहणं जमण्यातलं नव्हतं, तेव्हा त्यांनी मधला मार्ग काढला. जिन्यात भेट झाली, अण्णा ‘येतो’ म्हणाले, की ते खणखणीत आवाजात म्हणायचे, “जय हिंद.” त्यात होकार नव्हता आणि अपमानही नव्हता. अण्णा पहिल्यांदा गोंधळले, मग तेही “जय हिंद” म्हणू लागले आणि विचारात पडून खाली जाऊ लागले.

आणि अण्णा टकटक करू लागले. टेस्टरच्या मुठीनं, दोनदा. दीपमाला कामावर जायच्या आधीची वेळ त्यांनी धरली होती. ती दार उघडायची. अण्णा उंबऱ्याच्या बाहेर, जिन्याच्या चौथऱ्यावर, हातात पुडी घेऊन उभे असायचे.

“येऊ का?”

“आज नको, अण्णा.”

“बरं.”

खालून रंगूबाईंचा आवाज यायचा. “झालं का?”

“न्हाई. आज नगो म्हणत्यात.”

“उद्या विचारा मग.”

उद्या पुन्हा टकटक, पुन्हा ‘येऊ का’, पुन्हा ‘आज नको’. अण्णा एकदाही चिडले नाहीत. एकदा बाजारातून परस्पर आले तेव्हा गुळाची ढेप काखेत होती, ती तशीच धरून त्यांनी विचारलं. एकदा ताप होता, मफलर गुंडाळून आले. “आज नगो म्हणलीस तर बरंच हाय, मला बी चढवत न्हाई खुर्चीवं,” म्हणाले, आणि ‘नको’ ऐकून समाधानानं गेले. प्रियदर्शनीला हे सगळं रोज ताजं ताजं हवं असायचं. “आज काय म्हणाले?” ती डबा उघडायच्या आधी विचारायची. तिच्या मते दीपमाला जिंकली होती. मालक बाहेर उभा राहून परवानगी मागतोय, किल्ली परत दिली, आणखी काय पाहिजे?

दीपमालालाही तसंच वाटत होतं. टिकली जागेवर होती. संध्याकाळी घरी आल्यावर ती आधी बोर्डाकडे बघायची आणि मग चप्पल काढायची.

एका सकाळी ती चहा घेऊन बाहेर आली. अमृतराव खुर्चीत बसले होते. त्यांनी कप डाव्या हातानं घेतला. चहा थोडा बशीत सांडला.

“उजव्या हाताला काय झालं?”

“काय न्हाई.”

“दाखवा.”

“काय न्हाई म्हटलं ना. झोपेत आखडलाय.”

तिनं पुढं विचारलं नाही. खोलीत गेली. दिवा चालू होता. लाटणं रात्री तिनं स्वयंपाकघरात नेलं होतं, ते तिथंच ओट्यावर राहिलं होतं. बोर्डावरच्या टिकलीचा एक कोपरा उचलला गेला होता.

ती बाहेर आली. वडील डाव्या हातानं पेपर उलटायचा प्रयत्न करत होते, आणि ते तिला दिसू नये म्हणून बातमी मोठ्यानं वाचत होते. कुठल्या तरी धरणातून पाणी सोडणार होते.

“किती जोरात बसला?” तिनं विचारलं.

“नेहमीचाच,” अमृतराव म्हणाले. मग थोड्या वेळानं, पेपरमधूनच, “जरा जास्त.”

टकटक झाली. दोनदा.

दीपमालानं दार उघडलं. अण्णांनी आंघोळ करून पांढरा सदरा घातला होता. कुणाच्या तरी लग्नाला निघाले होते, जाता जाता विचारून जावं म्हणून आले होते.

“येऊ का?”

“या,” ती म्हणाली.

अण्णांना ते ऐकू आलं नसावं. “बरं,” म्हणून ते वळलेसुद्धा. दोन पायऱ्या उतरल्यावर थांबले. “काय म्हणलीस?”

“या म्हटलं. आत या.”

ते आत आले. पायताण बाहेर काढलं, कामाला येताना हे पहिल्यांदाच. “मेन सुच बंद कर,” ते म्हणाले. तिनं खटका खाली ओढला. फ्रिज थांबला, पंखा हळूहळू थांबला, आणि घरात इतका वेळ केवढा आवाज चालू होता ते कळलं. अमृतराव उठून आले, स्टूल आणलं, अण्णांचा पाय त्यावर नीट बसेतो स्टूल डाव्या हातानं धरून उभे राहिले. पडदा ओढलेला होता म्हणून दीपमालानं बॅटरी धरली.

अण्णांनी स्क्रू काढले. बोर्डाची पाटी पुढं ओढली. आतल्या वायरी बघून “आयला” म्हणाले. जुनं बटण काढताना त्यांनी अंगठ्यानं टिकली खरवडली, दीपमालानं ते बॅटरीच्या उजेडात पाहिलं, आणि मग नजर वायरींवर ठेवली. अण्णांनी बोट सदऱ्याला पुसलं. नवं बटण बसवलं, स्क्रू पिळले. अमृतरावांनी जवळून तपासलं, पाटीला एका बाजूनं फट राहिली आहे असं दाखवून दिलं, आणि अण्णांनी ती मुकाट बुजवली.

“लाव मेन.”

दिवा लागला. अण्णांनी बटण बोटानं बंद केलं, पुन्हा दाबलं. मग अमृतरावांनी दाबलं, उजव्या हातानं.

“झालं बघा वैनींचं,” अण्णा म्हणाले, आणि लग्नाला उशीर होतोय म्हणून लगबगीनं खाली गेले.

दीपमाला खाली वाकून फरशी बघू लागली. स्टुलाखाली पाहिलं, बोर्डाखालच्या फटीत पाहिलं, जुनं बटण उचलून उलटसुलट केलं. टिकली नव्हती. “काय शोधतीस?” अमृतरावांनी विचारलं. त्यांनीही मग चष्मा घातला आणि दुसऱ्या कोपऱ्यापासून शोधायला सुरुवात केली.

तेवढ्यात खालून आवाज आला.

“आवं, हे काय?”

“काय?”

“हे! छातीवं! कुणाची टिकली ही?”

“कसली टिकली? मला वेळ हुतोय.”

“मी जलमभर कुक्कू लावती. टिकली कुठनं आणली तुमी? लग्नाला जायच्या आदीच?”

“आगं, माजं वय बघ.”

“वयाचं मला नगा सांगू!”

मग अण्णांचा आवाज, खूप खालच्या पट्टीत, “वैनींची आसंल. बटणावरची.”

दीपमाला जिना उतरून केव्हा गेली ते तिचं तिलाच कळलं नाही. मान्यांचं दार उघडं होतं. ती थेट त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. अण्णा ओट्याला पाठ लावून, दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभे होते, अंगावर गांधीलमाशी बसल्यासारखे. पांढऱ्या सदऱ्यावर, खिशाच्या थोडं वर, मरून टिकली होती. रंगूबाई तिच्यापासून वीतभर अंतरावर बोट धरून थांबल्या होत्या.

“आईची आहे, काकू,” दीपमाला म्हणाली.

“तेच म्हणत्यात हे.” रंगूबाईंनी पदरानं हात पुसले. “काढू का मी?”

“काढा.”

त्यांनी नखानं, अगदी सावकाश, कडेकडेनं टिकली सोडवली. अण्णांनी श्वास धरून ठेवला होता. टिकली निघाली ती रंगूबाईंच्या बोटाच्या टोकावर उपडी आली, मागच्या पांढऱ्या बाजूवर सदऱ्याचे दोन धागे आणि पिवळी हळद.

“डिंक गेला हिचा,” रंगूबाई म्हणाल्या. “आता न्हाई बसायची कुठं.”

“असू दे.”

रंगूबाईंनी ती दीपमालाच्या तळहातावर ठेवली. दीपमालानं मूठ मिटली नाही. उंबऱ्यापर्यंत ती हात सपाट धरून गेली, वारा लागू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा करून.

मागं अण्णा सदरा ताणून खाली बघायचा प्रयत्न करत होते. “डाग पडलाय का गं?”

“गोल उमाटलाय,” रंगूबाई म्हणाल्या. “जावा तसंच. कोण इचारलं तर सांगा, जगदाळ्यांच्यात गेलतो कामाला.”